डावखुरी रायफल

‘‘आत्ती, ग्रुप गेला!’’

गडहिंग्लज स्टँडवर गाडी खच्चून भरलेली, मी तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून पायरीवर उभी, आणि आमची प्राजू सायकल तशीच टाकून गर्दीतून धावत आलेली. तिचं तोंड बघून मला वाटलं, घरचं कोणीतरी वारलं.

‘‘कोण गेला?’’

‘‘ग्रुप. फोनवरचा. माझं खातंबी बंद केलंय. आता त्या माणसाला कसं गाठायचं?’’

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच डोकंही फिरलं. फोनवरच्या कशासाठी तरी ही पोरगी कॉलेज सोडून स्टँडवर पळत येते! ‘‘घरला जा, संध्याकाळी बघू,’’ म्हणून मी डबल बेल दिली. गाडी गावाबाहेर पडून पुलावर आली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ‘त्या माणसाला’ म्हणजे रायफलवाल्याला! मी तिथल्या तिथे कपाळावर हात मारून घेतला. पुढच्या सीटवरच्या आजीबाई म्हणाल्या, ‘‘सुट्टे न्हाईत व्हय, बाई?’’

प्राजू माझ्या भावाची मुलगी. भाऊ आणि भावजय मडगावला हॉटेलात कामाला, त्यामुळे ती लहानपणापासून माझ्याकडे. मी लग्न केलं नाही. मालन चौगुलेच्या जिभेला हाड नाही असं डेपोत सगळे म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

शाळेत असताना प्राजूला नेमबाजीचा नाद लागला. एअर रायफल घ्यायची आणि दहा मीटरवर लावलेल्या कागदाच्या चकतीला छऱ्यानं भोक पाडायचं, एवढाच तो खेळ. त्या रायफलीला परवानाही लागत नाही. पण आमची पोरगी डावखुरी. क्लबातल्या सगळ्या रायफली उजव्या हाताच्या, म्हणजे मूठ उजव्या पंजाची आणि दस्त्यावरचा गाल टेकायचा उंचवटाही उजव्या गालासाठी. चपला उलट्या पायांत घालून शर्यत पळावी तशी ती बिचारी त्याच रायफलीनं खेळायची, आणि तरीही क्लबात पहिली यायची. तिचे बुगडे सर म्हणत, ‘‘हिला डाव्या हाताची मिळाली तर पोरगी राज्याच्या संघात बसलीच म्हणून समजा.’’ ज्युनिअर गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष होतं. डाव्या हाताची नवी रायफल परदेशातून मागवायची तर मला घर विकावं लागलं असतं.

म्हणून तो ग्रुप. राज्यभरातले नेमबाज आपापलं जुनं सामान त्यावर एकमेकांना विकायचे. जाकिटं, बूट, रायफली. प्राजू सकाळ-संध्याकाळ त्यावर डोळे लावून असायची, आणि एके दिवशी अचानक डाव्या हाताची रायफल दिसली. विकणाऱ्यानं स्वतःचं नाव लावलेलंच नव्हतं. खात्यावर उसाच्या फडाचा फोटो आणि नाव ‘शेतकरी राजा’. गडी मोजकंच लिहायचा. ‘डावी आहे. वापर कमी. बघून घ्या.’ किंमत आमच्या आवाक्यातली होती. ‘रविवारी पत्ता देतो,’ असं त्यानं कळवलं आणि रविवार उजाडायच्या आधीच ग्रुपवर वरवंटा फिरला.

संध्याकाळी प्राजूनं मला फोनवरचा मजकूर वाचून दाखवला. ‘बंदुकांच्या खाजगी विक्रीला आमच्या नियमांनुसार परवानगी नाही. हा ग्रुप काढून टाकण्यात आला आहे.’

‘‘बंदूक कुठाय ह्यात?’’ मी म्हणाले. ‘‘लिही त्यास्नी. म्हणावं, खेळाची हाय.’’

मी सांगितलं, तिनं लिहिलं. मी चांगलं सविस्तर सांगितलं होतं. पोरगी कोण, खेळ कुठला, राज्याच्या संघाची निवड चाचणी कधी, सगळं. चहा गाळून होतो न होतो तोच उत्तर आलं. ‘तुमचं म्हणणं तपासलं. निर्णय कायम.’

‘‘एवढ्यात तपासलं?’’

‘‘मशीन तपासतंय आत्ती. माणूस नसतोय तिथं.’’

आता काय बोलणार! आख्खी नोकरी मी लोकांशी भांडण्यात घालवली. अर्ध्या तिकिटासाठी सोळा वर्षांच्या घोड्याला दहाचा म्हणणाऱ्या आया, दारात लोंबकळणारे शहाणे, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे, सगळ्यांना मी पुरून उरले. पण भांडायला समोर तोंड लागतं. इथे तोंडच नव्हतं. मी दोन दिवस पुन्हा पुन्हा लिहायला लावलं आणि पुन्हा पुन्हा तेच उत्तर आलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यात आणखी एक गंमत. माझ्या फोनवर त्याच अ‍ॅपवर कुणा भाईच्या वाढदिवसाचा व्हिडिओ आला. भाई जीपच्या टपावर, हातात पिस्तूल, खाली पोरं नाचतायत. मी म्हटलं, आता सापडले! लगेच तक्रार केली. उत्तर आलं, ‘यात आमच्या नियमांचा भंग आढळला नाही.’

मी बुगडे सरांना फोन लावला आणि माझा सगळा राग त्यांच्यावर काढला. त्यांनी ऐकून घेतलं.

‘‘मालनताई, नियम चुकीचा न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘कुणीबी उठून कुणालाबी बंदूक विकाय लागला तर कसं व्हायचं? पण सुक्याबरोबर वलं जळतंय ते असं. माझ्या ओळखीत डावी रायफल दुसरी न्हाई. चाचणी जवळ आली. तो माणूस हुडका, नायतर पोरीला उजवीवरच उभी करतो.’’

‘‘उजवीवर बसंल ती संघात?’’

‘‘तो माणूस हुडका,’’ सर पुन्हा म्हणाले. त्यातच मला काय ते कळलं.

प्राजू रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त दूध तापेपर्यंत ओट्याशी उभी राहायची, नेमबाज उभे राहतात तशी, उजवी कंबर पुढे काढून, पाठ किंचित मागे टाकून, डाव्या खांद्याशी नसलेली रायफल धरून. दूध उतू गेलं तरी तिचं लक्ष नसायचं.

तसंच एकदा दूध उतू गेलं तेव्हा मी तिच्यावर खेकसले आणि तिच्या हातातून फोन काढून घेतला. रायफलीचे फोटो तिनं उतरवून ठेवलेले होते, तेच ती बघत बसली होती. मीही बघितले. रायफल पलंगावरच्या चादरीवर ठेवलेली. मागे भिंत, भिंतीवर खुंटी, खुंटीला पिशवी, आणि पिशवीच्या बाजूला कॅलेंडर. प्राजूनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. ‘जोतिबा सहकारी दूध संस्था, चिंचमाळ.’

आपल्याकडे दूध संस्था सभासदांच्या घरी कॅलेंडर वाटते आणि ते भिंतीवर लागतंच लागतं. म्हणजे माणूस चिंचमाळचा, निदान तिथे दूध घालणारा तरी. माझ्या जिवात जीव आला.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी साधी साडी नेसून, पैसे पोलक्यात खोचून चिंचमाळच्या गाडीत बसले. गाडीवर ड्रायव्हर दस्तगीर मुल्ला होता. आम्ही पुष्कळ वर्षं एका गाडीवर काढलेली. सगळी कथा ऐकून तो हसायला लागला.

‘‘ताई, बंदूक आणाय निघालासा आणि तीबी एसटीनं? येताना माझ्या गाडीत बसवून घेणार न्हाई बगा.’’

‘‘बसवून घेऊ नको. तिचं तिकीट काढतो मी.’’

‘‘आन् ते डाव्या हातानं काढणार काय?’’ असं म्हणून तो पुन्हा हसला.

हा टोमणा मला होता. माझ्या गाडीत कुणी डाव्या हातानं पैसे पुढे केले की मी घेत नसे. ‘‘उजवा हात गहाण टाकलाय काय?’’ असं विचारायची, सगळ्या गाडीसमोर. देणं-घेणं उजव्या हातानं, ही आमच्या आईची शिकवण. प्राजूला प्रसाद घेताना आईनं किती चापट्या मारल्या असतील त्याला गणती नाही, आणि मी कधी आईचा हात धरला नाही. त्यात धरण्यासारखं काही असतं असं तेव्हा कुणालाच वाटत नसे.

चिंचमाळच्या दूध संस्थेत सेक्रेटरी फॅट मोजत बसले होते. रायफल कुणाकडे आहे म्हणून विचारलं तर त्यांनी आधी मला आपादमस्तक न्याहाळलं. मग म्हणाले, ‘‘मोरबाळ्यांच्यात हाय म्हणत्यात. दसऱ्याला पूजेला मांडल्याली बघितली मी. मारुतीच्या मागं, पत्र्याचं दार.’’

आबा मोरबाळे सोप्यात पलंगावर बसले होते. तीच चादर, तीच खुंटी, तेच कॅलेंडर. मला हसूच आलं. मी नाव सांगितलं, काम सांगितलं. आबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

‘‘कसं काय हुडकून काढलासा, बाई?’’

‘‘कंडक्टर हाय मी. बिगर तिकिटाचा माणूस हुडकायची सवय असतीया.’’

आता मात्र ते मोकळेपणी हसले. ‘‘बसा. मला तर वाटलं, सौदा मोडला. त्या कंपनीनं माझंबी खातं बंद केलं. त्यावर मी उसाची रोपं विकतोय, तीबी बंद! लिहून लिहून दमलो. रोपं म्हंजे काय बंदूक हाय व्हय?’’

मग आम्ही दोघांनी मिळून त्या कंपनीला मनसोक्त शिव्या दिल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. आबांच्या मालकीणबाईही येऊन उंबऱ्यावर बसल्या.

‘‘रायफल कुणाची म्हणायची?’’ मी सहज विचारलं.

‘‘घरातलीच. माळ्यावर पडून हाय. दसऱ्याला काढायची, हळद-कुंकू वाहायचं, पुन्हा वर टाकायची. जागा अडवून बसलीया नुसती.’’

आतून सून चहा घेऊन आली. पंचविशीची असेल, डोईवर पदर, चेहरा दमलेला. तिनं कपबशी माझ्यापुढे धरली. डाव्या हातानं.

‘‘रोहिणी, उजवा हात!’’ सासूबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या. ‘‘आल्या-गेल्यासमोर तरी. किती येळा सांगायचं?’’

तिनं कपबशी उजव्या हातात घेतली. घेताना चहा बशीत सांडला. मी कप घेतला तशी ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. उजवी कंबर पुढे काढून, पाठ किंचित मागे टाकून.

मी कप तसाच खाली ठेवला.

‘‘रोहिणी,’’ आबा म्हणाले, ‘‘माळ्यावरची ती पेटी काढ. ह्या बाई न्यायला आल्यात.’’

‘‘कुठली पेटी?’’

‘‘तुझीच की. रायफलीची.’’

तिला काही माहीत नव्हतं. तिनं आबांकडे बघितलं, सासूकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी आयुष्यात कधी नजर खाली घातली नसेल, पण तेव्हा घातली. ती आत गेली. शिडी लावल्याचा आवाज आला.

पेटी तिनं पलंगावर ठेवून उघडली. रायफल लखलखत होती. गंजाचा एक ठिपका नाही, धुळीचा कण नाही, दस्ता हात फिरवून फिरवून गुळगुळीत झालेला. माळ्यावर पडून असलेली वस्तू अशी नसते.

सासूबाई पुढे वाकल्या. ‘‘हिला तेल कोण लावतंय गं?’’

रोहिणी पेटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

मला इतका संताप आला! त्या कंपनीचा, आबांचा, दस्तगीरचा, माझा, सगळ्यांचा एकदम. इतकी मरमर करून मी ज्याच्या मागे लागले होते तो माल कुणाच्या तरी गळ्यातून ओढून काढायचा होता. आणि ज्या मशीनला मी आठवडाभर शिव्या घातल्या त्यानं, नकळत का होईना, ही रायफल या पोरीपाशी राहू दिली होती. ते मोडून काढायला मी पिशवीत शिदोरी बांधून आले होते.

‘‘आबा, ही हिची हाय न्हवं?’’

‘‘होती. लग्नाआधीची. आता घरची.’’

‘‘मग मला घ्यायची न्हाई.’’

‘‘आँ? मग आलासा कशाला एवढं लांब?’’

‘‘चुकलं माझं.’’ मी उठले. पण उठताना प्राजूचं ओट्यापाशी उभं राहणं डोळ्यांपुढे आलं आणि पाय निघेना. मी तशीच उभी राहिले. घेताही येईना, सोडताही येईना.

तेव्हा रोहिणी पहिल्यांदा आपणहून बोलली.

‘‘पोरगी केवढी हाय तुमची?’’

‘‘माझ्या खांद्यापर्यंत येती.’’

‘‘डावा डोळा धरती?’’

‘‘व्हय. उजव्या रायफलीवर खेळती सध्या, उलटी धरून.’’

‘‘मान दुखत असंल,’’ ती म्हणाली. जणू तिचीच दुखत होती.

तिनं पेटीच्या कप्प्यातून बारीक पाना काढला आणि कुणाला न विचारता जमिनीवर मांडी घातली. गालाचा उंचवटा खाली घेतला, दस्त्याची लांबी कमी केली, पुन्हा खांद्याला लावून बघितली, पुन्हा स्क्रू फिरवला. डावा हात असा चालत होता की बघत राहावं. मघाचा कप सांडणारा हात तो हाच, हे कुणाला खरं वाटलं नसतं.

‘‘एक सांगू का आबा?’’ मी पुन्हा बसले. ‘‘रायफल मी नेतो. पण हिला माझ्याबरोबर पाठवा, एकाच दिवसासाठी. रविवारी कोल्हापूरला चाचणी हाय. पोरीच्या अंगाला बसवून देईल. मी स्वतः आणून सोडतो दारात.’’

‘‘ती कुठनं येणार?’’ आबा म्हणाले. ‘‘म्हशी हाईत. पोर ल्हान हाय.’’

‘‘एकच दिवस.’’

‘‘बघू.’’

आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ काय असतो ते शेंबड्या पोरालाही कळतं. आबा काही दुष्ट माणूस नव्हते. आवाज चढवला नाही, अपमान केला नाही, वर जेवून जा म्हणाले. माझं म्हणणं तपासलं होतं आणि निर्णय कायम होता. ह्या एका बाबतीत त्यांच्यात आणि त्या कंपनीत काडीचा फरक नव्हता. फक्त इथे भांडायला समोर तोंड होतं, आणि मला, मालन चौगुलेला, शब्द सुचत नव्हता.

‘‘नको,’’ रोहिणी म्हणाली. ‘‘आबा न्हाई म्हणतील आणि तुमची गाडी चुकंल. घेऊन जावा, ताई. तेल लावून ठेवायची वस्तू न्हाई ही. चालाय पायजे.’’

तिनं रायफल पेटीत ठेवली, झाकण लावलं. मग झाकण पुन्हा उघडून दस्त्यावरून एकदा हात फिरवला, आणि पुन्हा लावलं. पेटी उचलून ती माझ्यापुढे आली. डाव्या हातात पेटी.

‘‘उजव्या हातानं दे गं!’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘वस्तू घराभायेर चाललीया.’’

ती थबकली. हात बदलायला लागली.

‘‘थांब!’’ भरलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत जातो तो माझा आवाज होता. आबा दचकले. ‘‘डाव्याच हातानं दे. डाव्याच हातात जायची हाय ती.’’

आणि मी माझा डावा हात पुढे केला. त्या हातानं मी आयुष्यात काही घेतलं नव्हतं. पेटी जड होती, मनगट वाकलं, पण उजवा हात मी लावला नाही. रोहिणीनं माझ्या हाताकडे बघितलं आणि त्या अख्ख्या दुपारीत पहिल्यांदा हसली. आबांनी पैसे घेतले ते न मोजता कोनाड्यात ठेवले आणि उसाकडे जातो म्हणून बाहेर निघून गेले.

परतीच्या गाडीत दस्तगीरनं पेटी बघितली, माझं तोंड बघितलं आणि आपली पिशवी उचलून पेटीला केबिनमध्ये जागा करून दिली.

प्राजू चाचणीत बसली. त्या वर्षी राज्याच्या संघातही गेली. रोहिणीनं लावून दिलेलं मोजमाप तिनं केसभरही हलवलं नाही. हे कळवायला मी चिंचमाळला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा आबांनी अगत्यानं चौकशी केली आणि सून कामात आहे म्हणून फोन ठेवला.

पुढे पावसाळ्यात ‘चुकून काढला गेला होता’ म्हणून तो ग्रुप परत आला, बंद केलेली खातीही उघडली. प्राजूनं लगेच त्यावर स्वतःचा फोटो टाकला, रायफल खांद्याला लावून उभी असलेला. सकाळी मी ड्युटीवर निघाले होते तेव्हा ती फोन घेऊन दारात आडवी आली. फोटोखाली ‘शेतकरी राजा’नं लिहिलं होतं, ‘छान. उजवं कोपर बरगडीला टेकव. डावा खांदा थोडा खाली.’

‘‘आत्ती, हे आबांनी न्हाई लिहिलं.’’

‘‘दे इकडं,’’ मी म्हणाले. चष्मा लावला, अक्षरं शोधून शोधून ‘रोहिणी, तू’ एवढं टाइप केलं, आणि फोटो माझ्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला. बंदुकांच्या खाजगी विक्रीला परवानगी नाही. फोटो गेला, त्याच्याखालचं ते वाक्य गेलं, माझं अर्धवट उत्तर गेलं. मी तक्रार केली. निर्णय कायम.

मी डोकं धरून पायरीवर बसले. मग पाठीमागे वळून बघितलं. प्राजू आरशासमोर उभी होती, उजवी कंबर पुढे काढून, कोपर बरगडीला टेकवून. डावा खांदा तिनं खाली घेतला होता.